नायलॉन-पॉलिस्टरच्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून गरम कटर निवडायचा कसा

नायलॉनचं कापड कात्रीने कापलं की दोन दिवसांत कडेला दाढी फुटते, आणि पट्टा असेल तर अजूनच वाईट, बकलमधून चार वेळा आत-बाहेर केला की टोकाचा अगदी कुंचला होतो. यावर उपाय काय ते सगळ्यांना माहिती असतं, कड वितळवून बंद करायची. पण कशाने वितळवायची इथे घोडं अडतं, कारण शोधायला बसलं की लायटरपासून लेझरपर्यंत सगळं समोर येतं आणि प्रत्येक जण आपलंच बरोबर म्हणून सांगतो.

मी बॅगा, पाऊच, सामानाची कव्हरं, तंबूची डागडुजी असलं काम बरीच वर्षं करतेय आणि यातली बहुतेक साधनं हाताळून झालीत. एवढ्या कामानंतर माझं मत पक्कं झालंय की डब्यावर छापलेला वॅटचा आकडा बघून कटर निवडू नका. पातं कापडाला टेकल्यावर स्वतःची उष्णता किती टिकवून धरतं, आणि ती उष्णता तुम्हाला हवी तेवढी कमी-जास्त करता येते का, या दोन गोष्टी बघा. बाकी सगळं त्यानंतर. आणि तुम्हाला या दोन्हीची किती गरज आहे ते तुमचं कापड ठरवतं, म्हणून सुरुवात कटरपासून नाही, कापडापासून करायची.

आधी हातातलं कापड ओळखा

गरम पात्याने तेच कापड सील होतं जे वितळतं. नायलॉन, पॉलिस्टर, पॉलिप्रोपिलीन, पॉलिएथिलीन हे सगळे वितळणारे. कॉटन, लिनन, व्हिस्कोस, लोकर वितळत नाहीत, करपतात. त्यांना कितीही भारी हॉट नाइफ, म्हणजे विजेवर तापणारी सुरी, लावली तरी काळी, भुसभुशीत कड मिळणार आणि ती हात लावला की झडणार. पॉलिस्टर-कॉटन मिक्स असेल तर अर्धवट काम होतं, पॉलिस्टरचा भाग वितळून धरतो आणि कॉटनचा भाग मधे करपतो, त्यामुळे कॉटन जास्त असेल तर सरळ ओव्हरलॉक मारा (कडेवरून दोऱ्याची गुंफण घालणारी शिवण) किंवा पायपिंग लावा (कडेवर वेगळी पट्टी शिवा). केव्हलारसारखी अरामिड कापडंही वितळत नाहीत, ती उष्णता सोसायलाच बनवलेली आहेत, तिथे चांगली धारदार कात्रीच लागते.

वितळणाऱ्यांतही फरक मोठा आहे आणि तोच पुढे कामाला येतो. पॉलिएथिलीन साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिप्रोपिलीन १६० ते १६५ ला, नायलॉन ६ साधारण २२० ला, नायलॉन ६६ आणि पॉलिस्टर दोन्ही २५० ते २६५ च्या आसपास. म्हणजे पॉलिस्टरच्या जाड पट्ट्यासाठी लावलेलं तापमान पॉलिप्रोपिलीनच्या पट्ट्याला लावलं तर तो कापला जाण्याआधीच पातळ होऊन पात्याला चिकटतो, कोळ्याच्या जाळ्यासारखे तार निघतात, आणि टोक आक्रसून वाकडं होतं. बरेच जण इथे कटरला नावं ठेवतात, पण चूक कटरची नसते, तापमानाची असते.

कापडावर लेबल नसेल तर घरच्या घरी दोन चाचण्या करता येतात. पहिली पाण्याची. छोटा तुकडा घ्या, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे धाग्यांमधली हवा निघून जाईल, तुकडा बोटांनी पाण्याखाली दाबून चांगला चुरा आणि सोडा. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकी, ती वर येतात. नायलॉन आणि पॉलिस्टर पाण्यापेक्षा जड, ती बुडतात. पट्ट्यांच्या बाबतीत ही चाचणी फारच उपयोगाची आहे, कारण पॉलिप्रोपिलीनचा आणि नायलॉनचा पट्टा दिसायला सारखे असू शकतात. फक्त तुकड्यावर कोटिंग नको, नाहीतर अंदाज चुकतो.

दुसरी चाचणी ज्योतीची. दोन-तीन धागे चिमट्यात धरा, खाली धातूची ताटली ठेवा, शेजारी पाणी ठेवा, आणि धागे ज्योतीजवळ हळूच न्या. सिंथेटिक धागा ज्योतीला टेकायच्या आधीच मागे सरकतो, आक्रसतो, आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. पॉलिस्टर जळताना काळा काजळीचा धूर निघतो. पॉलिप्रोपिलीनला मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास येतो. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे कॉटन किंवा व्हिस्कोस, केस जळल्याचा वास म्हणजे लोकर किंवा रेशीम.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. पीव्हीसी कोटिंगचं कापड, म्हणजे ते जाड, रबरासारखं लागणारं, बऱ्याच ताडपत्र्यांना आणि बॅनरला असतं ते, गरम पात्याने कापू नका. पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो, तो डोळ्यांना आणि छातीला लागतो आणि साधनंही गंजवतो. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) कोटिंग किंवा पापुद्रा असलेली कापडंही या यादीत धरा, ३५० अंशांच्या वर त्याचा धूर विषारी असतो आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना तर अगदी थोडा धूरही जिवावर बेततो. अशी कापडं कात्रीने कापा, कड दुमडून शिवा.

मग स्वतःला विचारायचं, काम किती आणि कसं

इथे प्रामाणिक राहा. महिन्यातून दोन पट्टे कापणाऱ्याला आणि रोज वीस मीटर रिपस्टॉप (बारीक चौकटींच्या विणीचं पातळ कापड) कापणाऱ्याला एकच साधन कसं चालेल? मी तीन गोष्टी बघते. जाडी किती, एका दमात सलग किती लांब कापायचंय, आणि रेषा सरळ आहेत की वळणं. पातळ कापडावर लांब सरळ रेषा, पातळ कापडावर बारीक नक्षी, जाड पट्ट्याचे आडवे छोटे काप, आणि दोर, ही चार वेगवेगळी कामं आहेत आणि चारही चांगली करणारं एकच साधन मला तरी अजून मिळालेलं नाही.

लायटर आणि मेणबत्ती

कात्रीने कापायचं आणि ज्योतीने कड वितळवायची. दोरीची टोकं, रिबिनीची टोकं, चेनच्या पट्टीची टोकं, एखादा पट्टा, एवढ्यासाठी हे पुरतं, त्यासाठी कटर घेऊ नका. एकच पथ्य पाळा, कड ज्योतीच्या पिवळ्या भागात घालू नका, तिथे काजळी धरते. निळ्या भागाच्या बाजूला, न टेकवता, धरायची आणि सरकवत राहायची. पण सलग एक मीटर कड लायटरने सारखी सील होत नाही, कुठे जाड कुठे पातळ राहते, आणि पातळ कापडाला पेट घ्यायला क्षणही लागत नाही. मोठ्या कापडावर लायटर नकोच.

सोल्डरिंग आयर्न आणि लाकडावर नक्षी जाळायचं पेन

सुरुवात करणाऱ्याला मी पहिलं हेच सुचवते. साधं २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, निमुळती टिप, खाली काच, एवढ्यावर रिपस्टॉप, टाफेटा, ऑर्गेंझा, सॅटिन असली पातळ कापडं उत्तम कापली जातात आणि सीलही होतात. टिप बारीक असल्यामुळे वळणं, गोल, पाकळ्या, अक्षरं, काहीही जमतं. साध्या आयर्नची टिप बहुतेक वेळा ३५० ते ४०० अंशांवर जाऊन बसते, ते पॉलिस्टरला चालतं पण पातळ नायलॉनला जरा जास्तच होतं आणि पॉलिप्रोपिलीनला फारच जास्त. म्हणून घेतानाच तापमान बदलता येणारं घ्या, साधारण २०० पासून ४५० पर्यंत जाणारं. ही एक सोय सगळ्यात मोलाची.

लाकडावर नक्षी जाळायचं पेन याचंच भावंड. त्याला चाकूसारखी छोटी पात्याची टिप मिळते, आणि सरळ रेषेसाठी ती गोल टिपपेक्षा बरी, कारण कड थोडी चपटी होऊन बंद होते.

दोन अटी मात्र आहेत. ज्या टिपने कधी शिसं असलेलं सोल्डर लावलंय ती कापडाला लावू नका, शिशाचे कण कडेत उतरतात. नवी टिप घ्या, कापडापुरती वेगळी ठेवा. आणि जाड पट्ट्याची अपेक्षा ठेवू नका, कारण बारीक टिपमध्ये उष्णतेचा साठाच नसतो, जाड नायलॉनमध्ये ती अर्ध्या सेंटिमीटरवर गार पडते आणि मग तुम्ही जोर लावता, टिप वाकते.

बटण दाबून तापणारी हॉट नाइफ

पिस्तुलासारखी मूठ, पुढे पातं, बटण दाबलं की काही सेकंदांत गरम. आत ट्रान्सफॉर्मर असतो, तो व्होल्टेज खूप कमी करून पात्यातून मोठा करंट सोडतो आणि पातं स्वतःच तापतं. जाड पट्टे, दोर, कॉर्डुरासारखं बॅगचं जड कापड, फोम, याला हीच लागते. कापताना उष्णता पात्यात सतत तयार होत असते त्यामुळे पातं मधेच गार पडत नाही, आणि वर सांगितलं ते उष्णता टिकवणं म्हणजे हेच.

पण घेण्याआधी पेटीवर किंवा माहितीपत्रकात ड्यूटी सायकल शोधा, हे बहुतेक जण बघतच नाहीत. म्हणजे एका मिनिटातले किती सेकंद ती चालू ठेवायची आणि किती सेकंद विश्रांती द्यायची. ड्यूटी सायकल २० टक्के असेल तर मिनिटाला १२ सेकंदच चालवायची, बाकी ४८ सेकंद तिला आराम. पट्ट्यांची टोकं कापायला हे भरपूर झालं, कारण एक काप तीन-चार सेकंदांत होतो. पण सलग चार मीटर कापड कापायचं असेल तर अशी हॉट नाइफ मधे मधे थांबवावी लागते आणि जिथे थांबलात तिथे कडेला गाठ दिसते. ओढाताण करून चालवत राहिलात तर आतली गुंडाळी जळते आणि मग दुरुस्ती होत नाही.

दुसऱ्या जातीच्या हॉट नाइफ असतात ज्यांच्यात हीटर सतत चालू राहतो, त्या तापायला काही मिनिटं घेतात पण मग तासभर चालवा, तक्रार नाही. रोज लांब काप असतील तर ही जात बघा. तोटा एवढाच की हातातून ठेवली तरी ती गरमच असते, म्हणून भक्कम स्टँड त्याच दिवशी घ्यायचा, उद्यावर टाकायचा नाही.

दोन्ही जातींत तापमानाची नॉब हवीच. आणि एक सावधगिरी, काही जण साध्या सोल्डरिंग आयर्नला बाहेरून डिमर (वीज कमी-जास्त करायचं बटण) लावून तापमान कमी करतात, तिथे ते चालून जातं कारण आत नुसती तार तापत असते, पण ट्रान्सफॉर्मरवाल्या हॉट नाइफला साधा डिमर लावायचा नाही, ट्रान्सफॉर्मर आणि डिमर दोन्ही जळू शकतात.

टेबलावर बसवायचे कटर, अल्ट्रासॉनिक, लेझर

एकाच मापाचे शेकडो पट्टे कापायचे असतील तर टेबलावर बसवलेला कटर घ्या, पातं स्थिर आणि पट्टा आपण आत सरकवायचा, प्रत्येक टोक सारखं येतं. अल्ट्रासॉनिक कटरचं पातं सेकंदाला २० ते ४० हजार वेळा थरथरतं आणि घर्षणाने कड वितळते, कड पातळ आणि मऊ येते, करपत जवळजवळ नाही. लेझरने नक्षी अप्रतिम होते आणि कड आपोआप सील होते, पण त्याला धूर ओढून बाहेर टाकायची पक्की सोय लागते आणि पीव्हीसी लेझरखाली कधीही घालायचं नसतं. घरगुती कामाला हे तिन्ही सहसा लागत नाही, म्हणून इथे फार खोलात शिरत नाही.

हातात घेऊन काय काय बघायचं

समजा तुम्ही हॉट नाइफवर आलात. मग आधी पातं बघा. लांब सरळ रेषेसाठी निमुळत्या टोकाचं, चाकूसारखं पातं, आडव्या पट्ट्यांसाठी रुंद सपाट पातं जे पट्ट्यापेक्षा रुंद असेल म्हणजे एका दाबात काम होईल. ५० मिलिमीटरचा पट्टा २५ मिलिमीटरच्या पात्याने दोन दाबांत कापला तर मधे पायरी येतेच. पाती सुटी मिळतात का हे विचाराच, कारण पातं ही झिजणारी वस्तू आहे आणि तेच मिळालं नाही तर अख्खं साधन अडगळीत जातं.

मग वजन. ट्रान्सफॉर्मरवाली नाइफ जड असते, पट्टे कापताना जाणवत नाही पण जमिनीवर कापड पसरून अर्धा तास वाकून कापताना मनगट बोलायला लागतं. हातात दोन मिनिटं धरून बघा, जमलं तर डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी. वायर लांब आणि लवचिक हवी, कडक वायर कापताना हाताला मागे ओढते आणि रेघ वाकडी येते. पिन, व्होल्टेज आणि अर्थिंग तुमच्याकडच्या वीजपुरवठ्याला जुळतं का तेही बघा, २३० व्होल्टच्या ठिकाणी ११० व्होल्टचं साधन लावलं तर ते तिथेच संपतं.

बॅटरीवर चालणारी साधनं जागेवर जाऊन दोर किंवा पट्टा कापायला छान, पण जाड मालात त्यांची बॅटरी पटकन उतरते. टेबलावरच्या कामाला वायरवालंच घ्या.

खाली काय ठेवता ते अर्धं काम

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो आणि मला याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय.

माझी पहिली हॉट नाइफ आली तेव्हा मी ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर रिपस्टॉप पसरून कापायला लागले, वाटलं धातू आहे, जळणार नाही, सुरक्षित आहे. पहिले पाच-सहा सेंटिमीटर मस्त कापलं गेलं आणि मग पातं ओढायला लागलं, कापड गोळा व्हायला लागलं, कडेला अर्धे दोरे सील आणि अर्धे मोकळे. मी नॉब वाढवली, तरी तेच. अजून वाढवली तर सुरुवातीला कड तपकिरी आणि पुढे परत मोकळे दोरे. दोन दिवस मी नाइफलाच दोष देत होते. शेवटी सहज म्हणून एका जुन्या फोटोफ्रेमच्या काचेवर कापून बघितलं आणि तेच पातं, तीच नॉब, लोण्यातून सुरी जावी तसं गेलं.

कारण साधं आहे. ॲल्युमिनिअम काचेपेक्षा दोनशेपट वगैरे जास्त वेगाने उष्णता खेचतं. पात्याचं टोक पत्र्याला टेकत होतं आणि उष्णता कापडाला मिळायच्या आधी पत्र्यात पळून जात होती. काच उष्णता कमी खेचते, गुळगुळीत असते, करपत नाही आणि वितळलेलं प्लॅस्टिक गार झाल्यावर नखाने सुटतं. टफन केलेली काच असेल तर सगळ्यात उत्तम, कारण साधी काच अचानक तापून तडकू शकते, कडाही घासलेल्या असाव्यात. ग्लेझ केलेली गुळगुळीत टाईलही छोट्या कामाला चालते. लाकूड आणि प्लायवूड करपतं, रेषेत खाचा पडतात आणि पुढच्या वेळी पातं त्याच खाचेत घसरतं. कटिंग मॅटवर तर चुकूनही नाही, ती स्वतःच प्लॅस्टिकची असते.

पट्टीचंही तेच. ॲल्युमिनिअमची पट्टी पातं गार करते. स्टेनलेस स्टीलची पट्टी चालते, स्टेनलेस उष्णता बरीच कमी खेचतं. पट्टी कापडाच्या ज्या बाजूला ठेवाल ती बाजू थोडी गार राहते आणि तिकडची कड जास्त नाजूक येते, म्हणून पट्टी तुम्हाला हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवा, टाकाऊ बाजूवर नको.

पहिल्या दिवशी करायची चाचणी

साधन घरी आलं की लगेच कामाच्या कापडाला हात लावू नका. त्याच कापडाची एक चिंधी घ्या, काचेवर दोन्ही टोकांना वजन ठेवून ताणून पसरा. नॉब सगळ्यात खाली ठेवा आणि १० सेंटिमीटरची रेघ मारा. कापलं नाही तर थोडी वाढवा, शेजारी दुसरी रेघ. असं करत जिथे पातं जोर न लावता पहिल्यांदा सलग पुढे जातं तिथे थांबा, आणि नॉबची ती जागा मार्करने चिंधीवरच लिहून ठेवा. मी प्रत्येक कापडाची अशी चिंधी वहीत चिकटवून ठेवते, शेजारी आकडा आणि तारीख. पुढच्या वेळी सगळा खेळ पहिल्यापासून करावा लागत नाही.

आता कड तपासा. कापडाचा रंग फिका असेल तर काम सोपं, कड पिवळी किंवा तपकिरी दिसली तर उष्णता जास्त किंवा हात सावकाश. गडद कापडात रंग दिसत नाही, तिथे बोट फिरवून बघा, दाणेदार, जाड गोट लागला तर जास्त झालं. मग नखाने कड आडवी वीस वेळा घासा. दोरा सुटला तर कमी झालं. मग कड दुमडून दाबा, उघडा, परत दुमडा, दहा वेळा. कडेचा पापुद्रा तडकून निघाला तर तुम्ही कड करपवली आहे, ती वरून सील वाटते पण ठिसूळ आहे, वापरात गेली की तडकणार आणि त्याच फटीतून दोरे सुटणार. चांगली कड म्हणजे नुसत्या डोळ्याला एक बारीक चकचकीत रेघ दिसते, बोटाला जेमतेम लागते, आणि दुमडली तरी कापडाबरोबर वाकते.

प्रत्यक्ष कापताना

हात एकसारखा हलला पाहिजे, बाकी सगळं त्यावर. सावकाश गेलात की वितळलेला माल साचतो आणि कड जाड, टणक होते. घाई केली की पातं कापतं पण सील करत नाही. मधे थांबायचंच नाही, त्यामुळे रेघ सुरू करण्याआधी वायर, पट्टी, कोपर सगळं जागेवर आहे ना ते बघून घ्या. पातं उभं धरू नका, थोडं मागे कललेलं ठेवा म्हणजे पात्याची जास्त लांबी कापडाला लागते आणि टोक काचेवर घासत नाही. कापल्या कापल्या दोन्ही तुकडे एकमेकांपासून अलगद बाजूला करा, नाहीतर गरम कडा परत एकमेकींना चिकटतात. याच कारणासाठी कापडाचे थर एकावर एक ठेवून कापू नका, सगळ्या थरांची एक वेल्डिंग केलेली वही तयार होते. मुद्दाम दोन थर जोडायचे असतील तरच हे वापरा.

पट्ट्याचं जवळून सांगते, कारण तिथेच जास्त गडबड होते. नायलॉनचा पट्टा कापला की टोकाला वितळलेला माल दोन्ही बाजूंना फुगतो आणि छत्रीसारखा गोट होतो, मग तो पट्टा बकलच्या फटीतून जातच नाही. यावर उपाय म्हणजे पातं हळू आणि सरळ खाली दाबायचं, करवतीसारखं पुढे-मागे करायचं नाही, आणि काप झाला की एक-दोन सेकंदांच्या आत टोक दोन गुळगुळीत धातूच्या तुकड्यांमध्ये चेपायचं. इथे धातू हवा कारण आता उष्णता खेचून घ्यायचीच आहे. बोटाने चेपायचा मोह होतो, कधीही करू नका. टोक थोडं तिरकं कापलंत तर बकलमध्ये ओवायला अजून सोपं.

वेल्क्रोला कडेचे हुक वितळू नयेत म्हणून हुक खाली, काचेकडे ठेवून पाठीकडून कापा. पॉलिप्रोपिलीनला नॉब पार खाली आणि हात जरा जलद. सिलिकॉनचा लेप असलेलं नायलॉन कापलं जातं पण कड तितकी घट्ट धरत नाही, तिथे शिवताना कड दुमडून आत घ्यायचीच.

आणि वजन पेलणारा पट्टा असेल, बॅगचा खांदा किंवा सामान बांधायचा बेल्ट, तर सील केलेलं टोक म्हणजे शिवण नाही हे लक्षात ठेवा. टोक नुसते दोरे अडवतं, ताकद शिवणीची असते, म्हणून टोक दुमडून चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला. ज्या पट्ट्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, गिर्यारोहणाचे वगैरे, त्याला घरी पातं लावायचंच नाही. अंगाला घासणाऱ्या कपड्यांनाही सील कड उघडी ठेवू नका, ती कातडी खरवडते.

धूर आणि भाजणं

नायलॉन हलकं वितळताना फार धूर येत नाही. धूर दिसायला लागला म्हणजे तुम्ही कापड जाळताय, आणि जळणाऱ्या नायलॉनमधून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सायनाइड निघतो. त्यामुळे धूर दिसला की आधी नॉब खाली. खिडकी उघडी, पंखा असा ठेवा की हवा तुमच्याकडून कामाकडे आणि पुढे बाहेर जाईल, पण झोत थेट पात्यावर नको, पातं गार होतं. साधा कापडी मास्क वायू अडवत नाही, त्याच्या भरवशावर बसू नका.

वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि चिकटल्यावरही भाजत राहतं, म्हणून त्याची जखम साध्या चटक्यापेक्षा खोल जाते. लागलं तर ते ओढून काढू नका, वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा, बर्फ लावू नका, आणि चिकटलेलं सुटत नसेल किंवा फोड मोठा असेल तर डॉक्टरकडे जा. कापताना सिंथेटिक बाह्यांचे कपडे घालू नका, कॉटन घाला.

पात्याची निगा

पात्यावर काळा थर साचला की उष्णता कापडापर्यंत पोचत नाही आणि नवीन कडेवर काळे डाग उतरतात. दर काही कापांनंतर, पातं गरम असतानाच, पितळी तारेच्या ब्रशने पात्याच्या दिशेने दोन-तीन वेळा घासा. पोलादी ब्रश नको, पात्यावर ओरखडे पडतात आणि मग थर अजून घट्ट धरतो. काम संपल्यावर प्लग काढा, पातं स्टँडवर पूर्ण गार होऊ द्या, तोवर खोली सोडू नका. पातं बसवलेले स्क्रू तापून-गार होऊन सैल होतात, तेव्हा पुढच्या कामाआधी, पातं गार असताना, ते एकदा आवळून घ्या. सैल स्क्रूमुळे करंट नीट जात नाही, पातं अर्धवट तापतं, आणि माणूस उगाच नॉब वाढवत बसतो.